अंगठ्याएवढी हवा

त्या दिवशी बाबा नेहमीच्या वेळी दुकानात आले, नेहमीसारखेच उगाच. सायकल दुरुस्तीच्या दुकानात निवृत्त मास्तरांचं काय काम असतं? तरी रोज दुपार कलली की थर्मास काखेत मारून ते यायचे, काउंटरमागचं एकुलतं एक बरं स्टूल बळकावायचे आणि येईल त्या गिऱ्हाइकाला न विचारता भूगोल शिकवायचे. ब्रेकचे रबर बदलायला आलेला माणूस समुद्रावरून वारे कसे फिरतात ते ऐकून घरी जायचा.

लेक त्यांची आणि दुकान लेकीचं. बाबा तिला ‘मालकीणबाई’ म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे तिला कधी नीट कळलं नव्हतं.

त्या दिवशी दोन सायकली छताच्या आकड्यांना उलट्या टांगलेल्या होत्या. एक तिची, एक त्यांची. हिवाळा लागला की बापलेक वाळवंट ओलांडायला निघणार होते. बाबा वर्गात दरवर्षी फळ्यावर तपकिरी खडूने वाळवंट काढायचे आणि त्यातून एक तुटक रेघ ओढायचे. हा जुना मार्ग. रेघ ओढण्यात नोकरी सरली, पण वाळवंट काही पाहणं झालं नाही. “जन्मभर पोरांना रस्ता दाखवला,” ते म्हणायचे, “आता एकदा जाऊन बघू या तरी, तो आहे का नाही.”

स्टुलावर बसण्याआधी त्यांनी टांगलेल्या सायकलीच्या पुढच्या टायरवर अंगठा दाबला. अंगठा तसूभरही आत गेला नाही.

“दगड आहे हा,” ते म्हणाले.

“दगडच हवा.”

“आणि दगड वाळूत काय करतो?”

“बाबा, चहा घ्या.”

“बुडतो. उंटाचा पाय बघ. टेकला की पसरतो, म्हणून तर तो वाळूवरून चालतो. हवा कमी कर. अंगठा आत गेला पाहिजे. टायर पसरेल आणि तरंगशील.”

“उंटाला पंक्चर होत नाही,” ती म्हणाली. “उंटाला रिम पण नसते. कमी हवेवर चालवलं की ट्यूब चिमटते, रिम वाकते. असली मढी रोज येतात माझ्याकडे.”

दुकानाच्या दारावर तिने स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती: ‘हवा पूर्ण, काळजी शून्य.’ बाबांनी मान वळवून पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“पाटी चांगली आहे,” ते म्हणाले. “फक्त वाळवंटात लावू नकोस.”

हा वाद नवा नव्हता. वाळवंटाचा बेत ठरल्यापासून रोज थोडा थोडा चालू होता, दिव्यात तेल घालावं तसा. त्या घरात कोणी कोणाला ‘तुझं बरोबर आहे’ असं म्हटल्याचं शेजाऱ्यांनाही आठवत नसेल. फार झालं तर ‘बरं’ म्हणायचे, आणि ‘बरं’ म्हणजे विषय उद्यावर.

थर्मास रिकामा झाला. बाबा उठले, गुडघे झटकले.

“बरं,” ते म्हणाले. “वाळूत गेल्यावर बघू.”

“बघू,” ती म्हणाली. ब्रेकची तार ओढण्यात तिचं लक्ष होतं, डोकं काही वर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

*

लोक आले, बसले, गेले. तिने आठवडा उलटायच्या आत दुकान उघडलं, कारण घरात बसून करायचं काय? स्टूल रिकामं होतं, पण त्यावर ती सामानही ठेवीना. दोन सायकली छताला तशाच राहिल्या.

एक दिवस आत्या दुकानात आली. बाबांची धाकटी बहीण, निवृत्त नर्स. सगळी नोकरी तिने सायकलवरून केली होती, दिवसपाळी असो की रात्रपाळी. तिने वर पाहिलं.

“दादाची सायकल किती दिवस अशी उलटी टांगून ठेवणार आहेस? वटवाघूळ आहे का ती?”

“काढून काय करू? चालवणार कोण?”

“मी.”

“कुठे?”

“जिथे जायची होती तिथे,” आत्या म्हणाली आणि सरळ बाबांच्या स्टुलावर बसली. “मला पोचवायला कोणी लागत नाही. तू येणार असशील तर ये.”

*

आणि म्हणून हिवाळ्यात दोघी निघाल्या. आधी डांबरी सडक, मग खडीची, आणि मग तो दिवस उजाडला ज्याच्यासाठी एवढा सगळा खटाटोप होता.

वाळवंटाच्या ऐन मध्यावर रस्ता-कामगारांची पत्र्याची बराक होती. आत लोखंडी खाटा, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेली हेल्मेटं, दारात धुळीने एकाच रंगाचे झालेले बूट. रात्र तिथे काढून दोघी पहाटे बाहेर आल्या, तेव्हा थंडीने बोटं वाकत नव्हती आणि टँकरवाला इंजिन तापवत उभा होता. तो रोज सकाळी इथून पाणी घेऊन पलीकडच्या ठाण्यावर जायचा आणि सूर्य कलला की परत फिरायचा. ठाणं म्हणजे पाण्याच्या दोन टाक्या, एक खोली आणि एक पवनचक्की. तिथून पुढे पुन्हा डांबर. मधला तुकडा म्हणजे बाबांची तुटक रेघ. आधी खडकाळ माळ, आणि माळ संपला की वाळूचा पट्टा.

“उद्यापासून वादळ आहे,” टँकरवाला म्हणाला. “रस्ता बंद. किती दिवस, ते वाऱ्याला विचारा.”

“म्हणून तर आज जातोय, भाऊ,” ती म्हणाली.

“सायकलवर?” त्याने तिच्याकडे पाहिलं, मग सायकलींकडे, मग आत्याकडे. “मावशी, तुम्हीसुद्धा?”

“मग काय, मी सामानात जातेय?” आत्या म्हणाली.

तो हसला, पण हटला नाही. “ऐका. संध्याकाळी मी परत येईन. तुम्ही मला वाळूच्या पलीकडे भेटलात तर रामराम करून पुढे जा, ठाणं जवळच आहे. पण वाळूत नाहीतर अलीकडे भेटलात, तर सायकली टपावर आणि तुम्ही माझ्या शेजारी. परत इथे. वादळात माणूस सोडून आलो तर मला भाकरी गिळवणार नाही.”

“चालेल,” ती म्हणाली.

“आणि वाळूत चालवायच्या फंदात पडू नका. तिथे सगळे ढकलतच नेतात.”

“ढकललं तर धरायचं नाही,” दोघी एकदमच म्हणाल्या, आणि एकमेकींकडे बघून दोघींनाही हसू फुटलं.

तो बाबांचा कायदा होता. चढावर उतरून सायकल ढकलली तर तो चढ हिशोबात धरायचा नाही. उतरलात की रस्ता तुमचा नाही, तुम्ही त्याचे पाहुणे. लहानपणी या कायद्यापायी तिने गावाबाहेरचा एक चढ रडत रडत, नाक पुसत कितीदा तरी पुन्हा खालून पार केला होता, आणि बाबा वर उभे राहून ढगांचे प्रकार सांगत होते.

टँकर धूळ उडवत निघून गेला. तिने दोन्ही सायकलींची चारही चाकं तपासली, पंप लावून टणक केली, वर टिचकी मारून पाहिली. आत्याने हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवला.

“चला मालकीणबाई,” ती म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच आला होता.  लेकीने पॅडलवर पाय ठेवला.

*

आणि काय सकाळ होती ती!

वारा पाठीवर होता. नुसता पाठीवर नव्हता, पाठीला हात लावून ढकलत होता. माळ काळ्या चकचकीत दगडांचा, सपाट, तव्यासारखा, आणि त्यावरून वाट अशी सरळ की हँडल सोडलं तरी चालेल. सूर्य वर आला तशी दगडांना सावल्या फुटल्या आणि मग आखडल्या. पायांना काही करावंच लागत नव्हतं. चेन सुरात होती, टणक टायर खडीवर तडतडत होते, आणि तिच्या पोटात लहानपणचं ते जुनं काहीतरी उसळत होतं, शाळा लवकर सुटल्यावर उसळतं तसं.

आत्या गात होती. एकही गाणं तिला पूर्ण येत नव्हतं, म्हणून एकाचा मुखडा आणि दुसऱ्याचा अंतरा असं करून ती पुढे जात होती.

“आत्या, श्वास वाचव.”

“कशाला? पेन्शनला लावू?”

मध्ये एक मीठ साचलेला सपाट भाग लागला. पांढरा, आरशासारखा. त्यावर चाकं गेली तशी खाली पातळ पापुद्रे कुरकुरून मोडू लागले. समोर क्षितिजावर पाणी दिसत होतं, त्यात डोंगर उलटे उभे होते, आणि दोघी जसजशा जवळ जात तसतसं पाणी मागे सरकत होतं. हे बाबांना सांगायला हवं, असं तिच्या मनात आलं. मग ते तसंच मनात राहिलं, आणि तिने पॅडल जरा जोराने मारलं.

दुपारी वारा पडला. पडला म्हणजे कोणी दार लावावं तसा एकदम. वारा गेला तेव्हा कळलं की ऊन किती होतं. पाणी कितीही प्यायलं तरी तहान काही संपेना. ओठांवर मीठ, पापण्यांवर मीठ. त्या अख्ख्या माळावर एकच झुडूप होतं, माणसाच्या कमरेएवढं आणि नखशिखान्त काटे. त्याच्या फाटक्या सावलीत दोघी टेकल्या. आत्याने आपली सायकल झुडपालाच टेकवली.

“आत्या, काटे आहेत. लांब ठेव.”

“लांब ठेवली तर सीट तापते. मग त्यावर तू बस.”

“मी सांगितलं नाही असं म्हणू नकोस.”

“बरं,” आत्या म्हणाली.

लेकीने तिच्याकडे पाहिलं. तोच ‘बरं’. सगळ्या घराण्याचा एकच.

*

वाळूचा पट्टा सुरू झाला तो एका ड्रमपाशी. रस्तेवाल्यांनी तेलाचे जुने ड्रम पांढरे रंगवून वाटेवर लांब लांब उभे केले होते, कारण वाट अशी तिथे नव्हतीच. ड्रमच्या अलीकडे खडी, पलीकडे पिवळी, मऊ, निर्दोष दिसणारी वाळू. त्यात टँकरच्या चाकांचे दोन खोल चर, आणि चरांमध्ये वाळू आणखीच भुसभुशीत.

तिने वेग घेतला आणि आत घुसली.

पहिल्या क्षणाला काही झालं नाही. दुसऱ्या क्षणाला पुढचं चाक कोणी धरून पिळल्यासारखं आडवं झालं, हँडल तिच्या हातातून निसटलं आणि ती वाळूत आडवी झाली. लागलं नाही. फक्त तोंडात वाळू गेली. ती उठली, थुंकली, सायकल उभी केली, पुन्हा बसली. चाक रिमपर्यंत रुतलं. पुन्हा पडली. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, आणि मग तिने मोजायचं सोडून दिलं. उजव्या चरातून, डाव्या चरातून, चरांच्या मधून, चरांच्या बाहेरून, सगळीकडून करून पाहिलं. टणक टायर वाळू कापत सुरीसारखे खाली जात होते.  सूर्य खाली सरकला होता, आणि पुढचा ड्रम होता तिथेच होता.

शेवटी ती उतरली आणि ढकलायला लागली. मान खाली, दात आवळलेले. ढकललं तर धरायचं नाही. माहीत होतं, पण निदान पुढे तरी जावं.

मागून सुईं सुईं असा आवाज आला.

“बाजूला हो,” आत्याचा आवाज. “मला थांबता येत नाहीये.”

लेक बाजूला झाली. आत्या तिच्या शेजारून गेली. बदकासारखी डुलत, कोपर बाहेर काढून, जीभ दातांत धरून, पण सायकलवर बसून. पॅडल मारत. मान वळवून बघायचीसुद्धा तिची हिंमत नव्हती. ती गेली ती पुढच्या ड्रमपर्यंत जाऊन, ड्रमला मिठी मारून थांबली.

लेक जागच्या जागी उभी राहिली. मग जमेल तितक्या जोरात सायकल ढकलत ड्रमपाशी पोचली, धापा टाकत.

“कशी काय?” ती म्हणाली.

“मला काय माहीत? मला वाटलं तूच पडायची प्रॅक्टिस करतेयस.” आत्याचा चेहरा लाल झाला होता आणि डोळे चमकत होते. “मागे जरा मऊ मऊ लागतंय. मला वाटलं वाळूच मऊ आहे.”

लेक खाली बसली. बाबांच्या सायकलीचं मागचं चाक. टायर जमिनीपाशी पसरला होता, पोट सुटल्यासारखा. तिने चाक हळूहळू फिरवलं. एका जागी एक काटा रुतला होता, आडवा, राखाडी, नखाएवढा. दुपारच्या झुडपाचाच. हवा किंचित किंचित निसटत होती.

तिचा हात सवयीने पंपाकडे गेला. आयुष्यात तिने मऊ टायर पाहिला आणि त्यात हवा भरली नाही असं कधी झालं नव्हतं. पंप तिने कॅरिअरवरून काढला, नळी सोडली. आणि मग तिथेच थांबली.

तिने पंप वाळूत ठेवला. टायरवर अंगठा दाबला.

अंगठा आत गेला.

आत्या ड्रमला टेकून बघत होती. तिनेही तो अंगठा हजारदा पाहिला असणार, तिच्या दादाचा. नर्स माणूस, कधी काय बोलू नये हे तिला कळत होतं. पण ती बहीणही होती.

“म्हणजे दादाचं...”

“तुझ्या टायरला काटा लागलाय,” लेक म्हणाली. “मला एवढंच दिसतंय.”

“बरं,” आत्या म्हणाली.

“आणि तो काढू नकोस. काढलास तर सगळी हवा एकदम जाईल. आहे तसा राहू दे, लागेल तशी थोडी थोडी भरू.” तिने आत्याच्या पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि नखाने आतली पिन दाबली. सुईऽऽ. दुकानात हा आवाज आला की तिला कापरं भरायचं. हा चुकीचा आवाज होता, निष्काळजी गिऱ्हाइकांचा. तिने दाबून धरलं. अंगठ्याने पाहिलं. अजून थोडी. मग तिच्या स्वतःच्या दोन चाकांची. तिची ती दगडासारखी चाकं, तिने पहाटे इतक्या निगुतीने भरलेली. ती वाळूत गुडघे टेकून बसली होती आणि चाकांमधून सकाळची थंड हवा दुपारच्या उन्हात निघून चालली होती.

मग ती उठली, सायकल वळवली आणि आली त्या बाजूला ढकलायला लागली.

“अगं, कुठे निघालीस?”

“मागे. पहिल्या ड्रमपाशी.”

“मागे?”

“इथपर्यंत ढकलत आणली. धरायचं नाही.”

आत्याने सूर्याकडे पाहिलं, मग क्षितिजाकडे, जिकडून टँकर यायचा होता. “तो येईल ना. सायकल टपावर टाकेल.”

“टाकेल.”

“मी नाही येत हां मागे. मी चालवत आणली आहे.”

“तू नकोच येऊ. तुझं धरलंय.”

आत्या ड्रमवर चढून बसली आणि तिने पाय हलवले. “दादाचीच तू,” ती म्हणाली. “त्याची खोड, तुलाही तीच.”

*

पहिल्या ड्रमपाशी, खडीच्या कडेवर, तिने सायकल वळवली.   पाण्याची बाटली अर्धीच उरली होती. एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. दूर ड्रमवर आत्या, मुठीएवढी. त्यापलीकडे पिवळं पिवळं आणि निळं.

तिने पॅडल मारलं आणि वाळूत शिरली.

चाक रुतलं नाही.

तिने श्वास रोखला होता. पुढचं चाक जरा डळमळलं, डावीकडे गेलं, परत आलं. टायरखाली वाळू दबली आणि दबून तिथेच थांबली, गादीसारखी. सुईं सुईं. हँडल धरायचं नव्हतं, फक्त त्यावर हात ठेवायचा होता. वजन मागे घ्यायचं. पाय गोल गोल, हळू, न थांबता. बाबांचा शब्द होता तो, ‘तरंगशील’, आणि तेव्हा तिला तो मास्तरी शब्द वाटला होता, फळ्यावरचा. पण दुसरा शब्दच नव्हता. ती तरंगत होती. होडीसारखी, कुठे आदळत नाही, कुठे टेकत नाही, आणि दोन्ही बाजूंनी वाळवंट हळूहळू मागे चाललेलं.

तिला हसू यायला लागलं. ती एकटीच हसत चालली होती.

“उतर आता खाली,” ड्रमजवळ येताच ती ओरडली. “मी थांबणार नाही.”

“येते, येते.” आत्या ड्रमवरून घसरली, तिने सायकलीवर टांग टाकली, एकदा पडता पडता वाचली आणि मागे लागली. “अगं, पण हळू. मी पेन्शनर आहे.”

ड्रम मागे गेला. पुढचा आला, गेला. तिसऱ्याशी थांबून आत्याच्या मागच्या चाकात हवा भरावी लागली, अंगठ्याएवढीच. ड्रमभोवतीची वाळू जरा घट्ट होती म्हणून पुन्हा निघता आलं. सूर्याचा रंग बदलला. दोघींच्या सावल्या शेजारून धावत होत्या, लांबच लांब पायांच्या, उंटांसारख्या.

आणि मग समोर, वाळूच्या शेवटच्या उंचवट्यावर, धूळ दिसली.

“आला,” आत्या म्हणाली.

“चालव.”

“अगं, आला तो.”

“आत्या, चालव.”

वाळू जिथे संपते तिथे एक लाल ड्रम होता. तो दिसत होता. त्याच्या मागे लांब पवनचक्कीची पाती चमकत होती. आणि ड्रमच्या अलीकडे, भोंगा वाजवत, टँकर उंचवट्यावरून उतरत होता. तो सरळ त्यांच्याकडे आला, शेजारी येऊन थांबला, आणि टँकरवाल्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

“ताई, थांबा. वाळूतच आहात.”

“थांबलो तर रुतू, भाऊ,” ती म्हणाली आणि पुढे गेली.

“अहो, बोली झाली होती.”

“तू चल की मागे मागे,” आत्या त्याच्यापुढून डुलत जाताना म्हणाली. “बोलत बोलत जाऊ.”

त्याला काय करावं ते कळेना. मग त्याने गिअर टाकला आणि अख्खा टँकर रिव्हर्समध्ये घेऊन तो दोघींच्या शेजारून मागे मागे येऊ लागला, एक डोळा आरशात, एक त्यांच्यावर. रिकाम्या टाकीचा खडखडाट सगळ्या वाळवंटात घुमत होता.

“मावशी, पडाल.”

“पडले तर तू आहेस ना. पुढे बघ. म्हणजे मागे बघ.”

“माझी नोकरी जाईल.”

“मग चांगल्या दुकानात लावू तुला. सायकलीचं आहे, मालकीण जरा तिरसट आहे, पण पगार वेळेवर देते.”

लेकीला हसू आवरेना. हसताना पोटऱ्यांत गोळा आला, पायाची बोटं आखडली, तरी ती पॅडल मारत राहिली. लाल ड्रम मोठा होत होता. शेवटचा चढ. वाळू इथे खोल होती. चाक बसायला लागलं, वेग मेला, हँडल डगमगलं. तिने वजन मागे घेतलं. उतरू नकोस. उतरलीस की पाहुणी. एक पॅडल. अजून एक. मांड्यांमध्ये आग पेटली होती, कानात रक्त ठोकत होतं, डोळ्यांत घाम उतरून समोरचं सगळं लाल, सोनेरी आणि पाणी पाणी झालं होतं. अजून एक.

टायरखाली तडतड झाली. खडी.

ती लाल ड्रमच्या पुढे गेली होती. मागून आत्याही खडीवर आली, ब्रेक दाबला, सायकल आडवी टाकली आणि तिच्या शेजारी स्वतःही आडवी झाली, हातपाय पसरून, आकाशाकडे तोंड करून. “मेले,” ती म्हणाली. “पण काय छान मेले.”

टँकर थांबला. टँकरवाला खाली उतरला, दारावर टेकला. रागवायचं होतं त्याला, पण त्याच्या तोंडावर राग काही टिकेना.

“मी वाळूत भेटलो होतो,” तो म्हणाला.

“पण थांबलो खडीवर,” आत्या डोळे मिटूनच म्हणाली.

तो चाकांकडे वाकून बघायला लागला. तो स्वतः गाडीवाला. टायर पाहिल्याशिवाय त्याला राहवेना. “हे तर बसलेत सगळे. एवढ्या कमी हवेवर आणल्या? चुकून?”

 आत्याने डोळे उघडले आणि भाचीकडे पाहिलं.

लेक पंप हातात घेऊन गुडघ्यावर बसली होती. इथून पुढे खडी होती, हवा भरावी लागणार होती. तिने आधी टायरवर अंगठा दाबला आणि तो तसाच राहू दिला. टायर तापलेला होता, कोमट अंगासारखा. वारा पुन्हा उठायला लागला होता, उद्याच्या वादळाचा पहिला, आणि तो वाळूवरून त्यांच्या चाकांच्या खुणा हळूहळू पुसत येत होता. पहिल्या ड्रमपासून लाल ड्रमपर्यंत बाबांची ती तुटक रेघ, जरा वाकडी, पण आता सलग.

“सांग ना त्याला,” आत्या हळू म्हणाली.

लेकीने मान वर केली. ती टँकरवाल्याशी बोलत नव्हती आणि आत्याशीही नाही. तिने समोर वाळूकडे पाहिलं आणि स्वच्छ, दुकानातल्या काउंटरमागच्या स्टुलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

“बाबा, तुमचं बरोबर होतं.”